याच्या पोटात काय होतं?

कोणाच्याही घरी गेले की काका आधी माणसांकडे बघत नसत, फडताळाकडे बघत. घरधनी "या, बसा" म्हणतोय, बाई पाण्याचा गडवा आणतेय, आणि हे आपले मान वाकडी करून स्वयंपाकघरात डोकावतायत. एखादा डबा नजरेत भरला की बोट दाखवून विचारायचे, "याच्या पोटात काय होतं?"

"तूरदाळ हाये जी."

"आता दाळ हाये वं माय. पयले काय होतं?"

झालं! चहा गेला. बाईचं तोंड उतरायचं, घरधन्याच्या कपाळाला आठी पडायची आणि काका पाणीही न पिता उठायचे. चारचौघांत शोभेल असं वागणं त्यांना जमतच नव्हतं. मला तर त्यांच्यासोबत कुठे जायचं म्हटलं की धडकीच भरायची.

काका आमचे घरमालक. शेलूबाजारला भर रस्त्यावर त्यांचं फवारणीच्या औषधांचं दुकान, मागे घर आणि घराच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या. आमचे हे जिनिंगमध्ये कारकून होते आणि मी अकोल्याहून नवीनच लग्न होऊन आले होते. सत्तरनंतरची ती वर्षं. संकरित कापसाचं बियाणं नुकतंच आलं होतं, त्याच्यामागून बोंडअळी आली आणि अळीमागून औषधाचे डबे आले. हिरवे, चकचकीत, कवटीचं चित्र असलेले. फवारणी झाली की शेतकरी रिकामा डबा घरी घेऊन यायचा आणि बाईच्या हाती द्यायचा.

का म्हणून विचारू नका. मी त्या काळी संसार केलाय, मला विचारा. मातीचं भांडं फुटायचं, पितळ परवडायचं नाही, जर्मनच्या डब्याचं झाकण दोन महिन्यांत सैल व्हायचं, टोपलीला उंदीर लागायचे. आणि हा डबा! हलका, फुटायचा नाही, झाकण असं घट्ट की उलटा धरला तरी थेंब सांडणार नाही, मुंगीला वाट नाही. वर फुकट. राखेनं, चिंचेनं घासायचा, चार दिवस उन्हात ठेवायचा, की त्यात गोडं तेल. सगळ्या पंचक्रोशीत असंच होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

वाटत होतं ते एकट्या काकांना, आणि तेच ते डबे विकायचे! त्यांच्या दुकानाचा नियम असा की पहिला रिकामा डबा आणून दिल्याशिवाय दुसरा भरलेला मिळणार नाही. सदऱ्याच्या खिशात एक मोठा खिळा असायचा, त्यानं खिसा नेहमी फाटलेला. डबा आला की काका दुकानाच्या पायरीवर बसून त्याच्या बुडाला खिळ्यानं भोकं पाडायचे. भंगारवाल्याला देत नसत, कारण तो डाग देऊन भोकं बुजवील आणि बाजारात विकील. मग ते डबे आमच्या खोलीमागे साचायचे. गंजलेल्या डब्यांचा तो ढीग माझ्या खिडकीसमोर होता, आणि मी रोज सकाळी त्याचं तोंड पाहून उठायची.

समोरच्या दुकानात असली काही अट नव्हती. गिऱ्हाईक काय करणार? रस्ता ओलांडणार. एकदा एक शेतकरी चांगलाच तापला. म्हणाला, "काका, तुमी जहर इकता आन डब्याले भेता?"

"जहर वावरात जाते बापू," काका शांतपणे म्हणाले. "डबा घरात येते."

तो माणूस हसत हसत समोरच्या दुकानात गेला. काकूंनी आतून सगळं ऐकलं होतं. त्या बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "हासा तुमी बी. आता समोरच्याच्या दुकानात हमाली करा."

काकू म्हणजे तिखटाची पुडी. माझी त्यांच्याशी गट्टी जमली ती डब्यावरूनच. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांच्या स्वयंपाकघरात पत्र्याचा एकही डबा नव्हता. औषधाचा नाही हे तर झालंच, पण बाजारात टिनवाला बसायचा त्याच्याकडचाही नाही, कारण तो जुने पत्रे कापूनच नवे डबे करायचा. काकूंची सगळी हयात मडक्यांत आणि बरण्यांत गेली. "साऱ्या शेलूत माह्याच घरी उंदराईची पंगत बसते," त्या म्हणायच्या. "औषधवाल्याची बायको हावो मी, आन मले डबा नाही!"

काका ऐकून घ्यायचे. त्यांना काकूंची अडचण कळत नव्हती असं अजिबात नाही. उलट ते सतत त्याच विचारात असायचे. डबा वाईट आहे म्हणून भागत नाही, त्याच्याइतकं चांगलं दुसरं काहीतरी बाईच्या हातात दिलं पाहिजे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांचे प्रयोग चालायचे, आणि ते प्रयोग काकूंच्या डोक्यावर मिरे वाटायचे.

आधी तुंबे झाले. भोपळे वाळवून, आतून कोरून, तेल पाजून काकांनी त्यांत जवसाचं तेल भरलं. तुंबा काही गळला नाही, पण बसेचना. गोल बुडाचा तो. जरा धक्का लागला की फडताळावरून लोळत खाली. मग बुरडाकडून झाकणाची टोपली विणून घेतली आणि तिला वरून रद्दी कागदाचा लगदा लावला. लगद्यात मेथ्या वाटून घालतात, म्हणजे तो चिकट होतो. टोपली सुरेख झाली होती, खोटं कशाला बोलू. काकूंनी हौसेनं तिच्यात शेंगदाणे भरले. तिसऱ्या दिवशी उंदरांनी मेथ्यांच्या वासानं आधी टोपली खाल्ली, मग शेंगदाणे.

आणि ती आट्यांची बरणी! काकांनी कुंभाराला गाठून सांगितलं, औषधाच्या डब्यासारखं फिरवून बसणारं झाकण मातीचं करून दे. कुंभार म्हणाला, "काका, माती हाये थे, लोखंड नोहे." पण काका कसले ऐकतात. झालं एकदाचं तयार. काकूंनी त्यात लिंबाचं लोणचं घातलं आणि झाकण फिरवलं. ते काही उघडेना. काकूंनी जोर लावला, आमच्या ह्यांनी लावला, जिनिंगमधला हमाल बोलावला. नाहीच. काका मात्र बरणी कानाशी धरून खूश. "पाह्यलं? हवा बी जाऊन नाही राह्यली!" काकूंनी बरणी त्यांच्या हातून घेतली आणि अंगणातल्या दगडावर आपटली. लोणचं मात्र छान मुरलं होतं.

हल्ली शहरातल्या दुकानांत बांबूचे डबे, मातीच्या बाटल्या, लाकडी झाकणाच्या बरण्या असं काय काय मिळतं. लोक कौतुकानं घेतात. मी हातात घेते, झाकण फिरवून बघते आणि परत ठेवते. काका जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. अशी एक बरणी तेव्हा मिळाली असती तर त्या माणसानं तिच्यापुढे लोटांगण घातलं असतं.

एकदा मी त्यांना सरळच विचारलं होतं. "काका, खरंच काही होतं का हो त्या डब्यांनी? इतके लोक खातात."

त्यांनी हातातला खिळा खिशात टाकला. म्हणाले, "मले ठाऊक नाही, पोरी. कंपनीवाला म्हनते, धुतलं का जाते. डाक्टर म्हनते, सांगता येत नाही. मी रोज थे औषध हातात घेतो, त्याचा वास नाकातून जात नाही. घासला डबा तरी वास येते मले. लोकाईले येत नाही म्हनते. आता कोन खरं? ठाऊक नाही म्हनूनच तं नको म्हनतो."

मला उत्तर पटलं नाही. ठाऊक नाही तर एवढा आटापिटा कशाला, असं मला वाटलं आणि मी तसं बोललेही.

मग कुसुमचं लग्न ठरलं. कुसुम ही त्यांची एकुलती एक लेक, बापासारखीच शांत. स्थळ केनवडचं. घर शेतीवाडीचं, मुलगा चांगला, माणसं साधी. काकूंनी रात्रंदिवस एक करून तयारी केली. लग्न दारातच होतं. वऱ्हाडाला जानोसा शाळेत दिला होता आणि हळदीला आम्ही सगळ्या बायका मांडवात जमलो होतो. कुसुम पाटावर बसली होती. नवरदेवाला लावून उरलेली उष्टी हळद त्यांच्याकडून आली की ती नवरीला लावायची, अशी रीत. नवरदेवाची आत्या ती घेऊन आली, लाल फडक्यात गुंडाळून. केनवडहून इतक्या लांब यायचं, रस्त्यात तेल-हळद सांडू नये म्हणून त्यांनी ती घट्ट झाकणाच्या डब्यात आणली होती.

बायकांच्या घोळक्यात पुरुषानं येऊ नये, पण काका आले. त्यांनी आत्याच्या हातातून डबा घेतला, फडकं सोडलं, डबा उलटा करून बुडावरचा ठसा बघितला. घासून घासून डबा पांढरा झाला होता, तरी ठसा होता. आता हा माणूस विचारणार. आणि विचारलंच त्यांनी.

"याच्या पोटात काय होतं?"

"हळद हाये," आत्या गोंधळली.

"हळदीच्या पयले?"

"तेल."

"तेलाच्या पयले?"

गाणी थांबली. काकांनी झाकणावर तळहात ठेवला आणि तसेच उभे राहिले. "हे माह्या पोरीच्या अंगाले लागनार नाही," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता.

मायबाई, काय तो प्रसंग! उष्टी हळद परत करायची म्हणजे लग्नच परत करण्यासारखं. आत्या रडायला लागली. कोणीतरी जानोशाकडे धावलं. आम्ही सगळ्या काकूंकडे बघत होतो. आता काकू काकांची चांगली खरडपट्टी काढतील, डबा हिसकावतील आणि हळद लावतील, असं मला वाटलं होतं, आणि खरं सांगते, तसंच व्हावं असंही वाटत होतं.

काकूंनी नवऱ्याकडे बघितलं. मग पाटावरच्या पोरीकडे बघितलं. मग मला म्हणाल्या, "चाल वं. पाट्यावर हळद घे."

मी हळद वाटली. काकूंनी ती पितळेच्या वाटीत घेतली, वर आमच्या घरचं तेल घातलं आणि आम्ही दोघी जानोशावर गेलो. तिथे विहीणबाई आणि त्यांच्या बायका तोंड फुगवून बसलेल्या. काकू अशा गोड बोलल्या की मी बघतच राहिले. "बाई, तुमची हळद रस्त्यात उन्हानं आंबली असन. ही ताजी वाटून आनली. नवरदेवाच्या गालाले लावून द्या, उरली का उष्टीच झाली ना?" तेवढ्यात नवरदेवच पुढे झाला, हसत गाल पुढे केला आणि म्हणाला, "लावा बावा लवकर, मुहूर्त जाऊन राह्यला." त्यावर सगळ्याच हसल्या.

हळद लागली, लग्न लागलं. पंगतीत मात्र व्याही काकांना म्हणाले, "भाऊ, त्याच डब्यातलं तेल आमी आजवर खाऊन राह्यलो. आमाले काय झालं?"

"काही न होवो," काका म्हणाले आणि हात जोडले. व्याह्यांना ते आणखीच झोंबलं.

संध्याकाळी मी काकूंना म्हटलं, "तुम्ही काकांची बाजू घ्याल असं वाटलं नव्हतं." त्या भांडी मोजून ठेवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "येडाच हाये थो मानूस. पन आपल्याच पोरीच्या अंगाले लावून कोन पाहीन?"

कुसुमची पाठराखीण म्हणून मी केनवडला जावं असं ठरलं होतं. निघताना काका गाडीजवळ आले. डोळे कोरडे, पण चेहरा ओढलेला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "हळद एका दिवसाची होती, पोरी. तेल जल्मभराचं हाये."

मला रागच आला. "मग या घरी द्यायची नव्हती."

"कुठ देऊ? कोन्या घरी नाही थो डबा?"

गाडी सुटली तेव्हा मी पहिल्यांदा त्या माणसासाठी रडले.

केनवडचं घर खरंच छान होतं. विहीणबाई अतिशय टापटिपीच्या. फडताळावर डबे ओळीनं मांडलेले, एकेक असा घासलेला की त्यात तोंड दिसावं. तेल, तीळ, गूळ; मीठ तेवढं मडक्यात. त्यांचा त्या डब्यांवर जीव होता हे दिसत होतं, आणि का नसावा? मलाच हेवा वाटला. पहिल्या दिवशी जेवायला बसलो. भाकर, झुणका आणि वर कच्च्या तेलाची धार. कुसुमनं ताटावर हात आडवा धरला. "मले तेल चालत नाही, मामी," ती सासूला म्हणाली. झुणकाही घेतला नाही. मीठ-कांद्याशी कोरडी भाकर खाल्ली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेजारणी कुजबुजायला लागल्या. विहीणबाईंचा चेहरा रोज जास्त उतरायचा, कारण नवी सून घरचं खात नाही यासारखी नाचक्की नाही. तिथे मी मध्ये बसलेली, दोन्हीकडून मेलेली.

मांडवपरतणीला आम्हाला न्यायला कुसुमचा मामा येणार होता. आले स्वतः काका. दुपारच्या वेळी, दोन गाड्या बदलून, घामाघूम. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नाही, ही रीत तर तेव्हा कडकच होती. म्हणून व्याह्यांनी रिवाजापुरतं म्हटलं, "या भाऊ, जेवाले बसा," आणि ते नाही म्हणतील याची वाट बघत राहिले. काकांनी पाय धुतले आणि सरळ पाटावर येऊन बसले.

विहीणबाई गडबडल्या. ताट वाढलं. काकांनी विचारलं, "कुसुम काय खाते?"

"कोरडी भाकर खाते, भाऊ." विहीणबाई म्हणाल्या. "तेल चालत नाही म्हनते. काय करू मी?"

काकांनी दारात उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं. "चालते तिले," ते म्हणाले. "तेल-मीठ-भाकर खाऊनच मोठी झाली थे. बाई, तिचं ताट माह्या बाजूले वाढा. तिले इथच नांदाचं हाये. थे जे खाईन थे मी बी खाईन. दोघाईच्या बी ताटात त्याच डब्यातलं तेल वाढा."

"बाबा..." कुसुम म्हणाली.

"बस वं."

कुसुम बसली. व्याही समोरच होते, त्यांचं जेवण अर्धं झालं होतं, घास हातातच राहिला. विहीणबाईंनी फडताळावरून डबा काढला, झाकण उघडलं आणि काकांच्या ताटावर धरला. जरासा वाकवला. धार आता पडेल, मग पडेल. डबा तसाच. मी वर बघितलं तर विहीणबाईंचा हात तिथेच थांबला होता. इतकी वर्षं त्याच हातानं नवऱ्याला, पोरांना वाढलं होतं, आणि आज तो वाकेना.

त्यांनी डबा खाली ठेवला. मग पाहुण्याच्या पुढचं वाढलेलं ताट उचललं, कुसुमचं उचललं, आणि पितळी लोटा घेऊन बाहेर पडल्या. वाढलेलं ताट उचलणं! व्याह्यांची मान खाली गेली.

आम्ही बसून राहिलो. दारातून मला गल्ली दिसत होती. विहीणबाई शेजारच्या घरात गेल्या आणि रिकाम्या हातानं बाहेर आल्या. पुढच्या घरात गेल्या, तिथूनही तशाच. प्रत्येक घरी तेल होतं, पण प्रत्येक घरी ते त्याच डब्यात होतं. मग त्या गल्लीच्या टोकाला वळल्या आणि दिसेनाशा झाल्या. काका रिकाम्या पाटापुढे हात बांधून बसले होते. व्याह्यांनी आपलं अर्धं ताट हळूच बाजूला सारलं.

विहीणबाई परत आल्या त्या उन्हानं लाल होऊन. लोटा तेल्याच्या घाण्यावरून भरून आणला होता. त्यांनी चूल पुन्हा पेटवली, झुणका नव्यानं केला, भाकरी थापल्या. तिन्ही ताटं वाढली. लोट्यातलं तेल आधी काकांच्या ताटात घातलं.

"जेवा भाऊ. घाण्यावरचं हाये."

काकांनी घासाला हात लावला नाही. "आन मी गावाले गेलो का मंग? कुसुमले कोनतं तेल?"

विहीणबाईंनी कुसुमच्या भाकरीवर धार धरली, मग नवऱ्याच्या. फडताळावरचा डबा उतरवून दाराबाहेर ठेवला. "थे तेल आता गाडीच्या आखाले वंगन," त्या म्हणाल्या. पदरानं कपाळ पुसलं. "एका घरात दोन तेलं नसतात, भाऊ."

काकांनी मान डोलावली आणि भाकर मोडली. कुसुमनंही मोडली. दोघंही एकमेकांकडे न बघता जेवत होते. भाकर संपली तसं काकांनी ताट पुढे केलं आणि वरून आणखी तेल मागून घेतलं.